ओमचा घोट

वर्षाराणी माझी धाकटी बहीण. आख्ख्या चाकणात असली दुसरी नर्स दाखवा, मिशी उतरवतो. ताथवड्याच्या एका दवाखान्यात तान्ह्या बाळांच्या वॉर्डात असते. मी दहावी नापास, पण तिला क्लासला सायकलवर डबलसीट कुणी नेली? मीच.

माझा ओम दोन महिन्यांचा. दूध पाजलं की ओकायचा. आई म्हणायची, "पालथं घाल लेकराला, न्हाईतर नरड्यात अडकंल."

मी म्हणलं, थांबा. मी कामाला आहे त्या कंपनीत गाड्यांचे दिवे फोममध्ये पॅक होऊन येतात. त्यातला एक तुकडा विचारून घेतला, कटरनं मस्त उतार कापला. फिनिशिंग अशी, की सुपरवायझर बघतच राहिला. पाळण्यात उतार लावून ओमला त्याच्यावर निजवला.

रविवारी दुपारी वर्षा आली. पाळण्यात डोकावली आणि दचकली. ओम घसरून खाली आलेला, हनुवटी छातीला टेकलेली.

"दादा, हे कुणी केलं?"

"मीच. कसंय?"

"झकास. आता ह्याच्यावर टीव्ही ठेव. मान अशी दुमडली की बाळाचा श्वास कोंडतो." तिनं फोम बाहेर काढला, अन् ओमला सपाट गादीवर उताणा निजवला.

आई खवळली. "उताणा? श्वासात दूध गेलं म्हंजी?"

"आई, उताण्या बाळाची श्वासनळी वर असते, अन्ननळी खाली. घशात आलेलं दूध खाली अन्ननळीतच राहतं. पालथं घातलं तर उलटं होतं. आणि दूध घशाशी आलं की बाळ श्वासाची वाट मिटून घेतं, गिळून टाकतं. त्याला शिकवावं लागत नाही. दादाला मात्र सगळंच शिकवायला लागतं."

"आणि नाही गिळलं तर?" मी विचारलं.

"श्वास अडखळला, निळा पडला, हिरवं ओकला, तर तडक दवाखाना. नुसतं दूध ओकला तर पुसायचं."

सगळे हसले, मीपण हसलो. पण लेकरू माझं. ती गेल्यावर फोम गुपचूप कॉटखाली सरकवून ठेवला. असू दे म्हणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओम उताणाच होता. ओठाच्या कडेनं दूध आलं. आईचा हात त्याला पालथा घालायला गेला, तो मी धरला. नजर ओमवरच ठेवली. ओमनं जरासा श्वास रोखला. गटकन गिळलं. परत एकदा गिळलं. मग आ करून जांभई दिली.

"कुणाच्या वळणावर गेलंय गं बाई हे!" आई म्हणाली.

"आत्याच्या," मी म्हणलं, अन् कॉटखालचा फोम भंगारवाल्याला देऊन आलो.