चव न घेता लिहिणारी नलूआत्या

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी साकीनाक्याला एका वर्कशॉपच्या पूजेच्या कार्यक्रमात, स्टेजच्या मागे उभा होतो. मी मिमिक्री करतो, पोट त्याच्यावरच चालतं. काकांचा आवाज एकदम सपाट होता. "सुज्या, नलू गेली. तुझं आटपून ये, पळत येऊ नको." काका म्हणजे आत्याचे मिस्टर, जन्मभर एवढंच बोलणारा माणूस. आयोजकाला सांगायला गेलो तर तोंडातून काही येईचना. एवढ्या लोकांचे आवाज काढणारा मी, त्या दिवशी हाताने खूण करून निघालो...

कणकवलीहून बारावी करून आलो ते थेट आत्याच्याच घरी, घाटकोपरला, भटवाडीत. आल्या आल्या तिने चहा दिला आणि म्हणाली, "शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून अख्खा वर्ग घरी सोडलास म्हणे. माझा काढतोस?" काढला. तिने कपाळाला आठ्या घालून ऐकून घेतलं. "अहो, मी एवढी कर्कश बोलते?" काका पेपरमागून म्हणाले, "थोडी जास्त." त्या दिवसापासून मी त्या घरातला झालो.

तेव्हा तिचा ब्लॉग जोरात होता. 'नलूचा ओटा.' आत्या रिटायर झाल्यावर मेधाताईने, म्हणजे तिच्या मुलीने, तो काढून दिला होता. आई गप्प बसेल म्हणून, असं ताई म्हणते. बाकीच्यांच्या ब्लॉगवर घावन कसा, कंपासने काढल्यासारखा गोल. आत्याच्या ब्लॉगवर घावन तव्याला चिकटून फाटलेला, त्याचा तसाच फोटो, आणि खाली लिहिलेलं, 'तवा तापला नव्हता, मला घाई होती, तुम्ही करू नका.' मी नव्या दमाचा, सगळं कळतं असं वाटायचं. म्हटलं, आत्या, यार, लोक टिकवायचे तर काहीतरी धमाका पाहिजे, हेडिंग असं दे की माणूस उघडलंच पाहिजे. तर ती चिडली, आणि चिडली की मालवणीवर यायची. "लोकां माझ्याकडे जेवूक येतत रे मेल्या, सर्कस बघूक नाय."

आणि येत होते ना लोक. का येत होते, ते मला गौरीच्या दिवशी कळलं. आमच्याकडे नैवेद्याचं कुणी चाखत नाही, आरती झाल्याशिवाय बोट लावायचं नाही. म्हणजे सगळा स्वयंपाक अंदाजपंचे. दुसरा कुणी ब्लॉगवाला काय करेल, दोन दिवस आधी एकदा करून बघेल, चाखेल, मग सणाला टाकेल. आत्या सकाळीच रेसिपी टाकायची आणि खाली लिहायची, 'चव घेतलेली नाही. आरतीनंतर सांगते.' मग लोक दिवसभर थांबायचे. बोरिवलीची कुणी, मुलुंडची कुणी, आपापल्या घरात आरत्या म्हणत आणि मनात आत्याच्या सांबाऱ्याची काळजी. त्या वर्षी काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं. आत्याने मीठ घातलं, ती आंघोळीला गेली, तेवढ्यात ताईला वाटलं आई विसरली, तिने पण घातलं. चाखायचं नाही, मग कळणार कसं? आरती झाली, पानं वाढली, पाहुण्यांनी पहिला घास घेतला. काकांनी तांब्याच उचलला. ताईच्या सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "छान झालंय हो, जरा... समुद्राकडचं वाटतंय." संध्याकाळी आत्याने सगळं लिहिलं, सासूबाईंच्या वाक्यासकट. ताईची वाट लागली होती. "आई, त्या वाचतात गं तुझा ब्लॉग." आत्या म्हणाली, "मग काय झालं, त्यांनीच म्हटलंय ना?" आणि खाली नुसता पाऊस कमेंटचा. आमच्याकडे तिघींनी घातलं होतं. आमच्याकडे कुणीच नाही. सासूबाईंनी पण लिहिलं, 'पुढच्या वर्षी मीठ मी घालेन.'

मग आजारपण आलं. औषधं सुरू झाली आणि तिच्या तोंडाची चवच गेली. बांगड्याचं तिखलं तोंडात घालून म्हणाली, "ओला पुठ्ठा लागतोय." त्या दिवशी तिला मी पहिल्यांदा घाबरलेली बघितली. आजाराला नाही घाबरली ती. "चव नसलेल्या बाईचं कोण कशाला वाचेल, सुज्या?" आता माझ्याकडे तर उपाय तयार. म्हटलं, चाखतो मी, लिहितो मी, तुझ्यासारखंच. एक कानामात्रा इकडची तिकडे होणार नाही, कुणाच्या बापाला कळणार नाही. लगेच तिच्या आवाजात दोन वाक्यं म्हणून पण दाखवली. ती हसली, खोकला येईपर्यंत हसली. "माझा आवाज काढशील रे. जीभ कुठून आणशील?" आणि तिने लिहिलं, 'माझी चव गेली आहे. परत येईल का डॉक्टरांना पण माहीत नाही. आता रोजचाच स्वयंपाक नैवेद्याचा. भाचा चाखेल, त्याचं मत त्याच्या नावाने लिहीन. त्याला तिखट झेपत नाही हे धरून चाला.'

टाकून झाल्यावर ती फोन उपडा ठेवून झोपायला गेली. सकाळी उघडला तर कुणी गेलं नव्हतं. उलट विचारत होते, आज सुज्या काय म्हणाला? मुलुंडच्या एका बाईंनी आत्याची आमटी स्वतःच्या घरी केली आणि वाटीभर आणून दिली, तिला चव कळणार नाही हे माहीत असून. आत्याने ती खाल्ली आणि लिहिलं, 'मला काही कळलं नाही, पण गरम होती. बाईंनी रिक्षात मांडीवर धरून आणली.' शेवटपर्यंत ती असंच लिहीत होती. एखादा दिवस दोनच ओळी, पण खऱ्या.

ती गेल्यावर काही दिवसांनी मेधाताई म्हणाली, "बंद नको पडू दे रे. तुला जमतं ना तिच्यासारखं? लगेच नको सांगूया. आई गावाला गेलीय असं वाटू दे थोडे दिवस." ताईला दोष नाही, तिला स्वतःलाच तसं वाटायला हवं होतं. मी लिहिलं. आंबोळी फाटली, पीठ आंबलं नव्हतं, वगैरे. झकास जमलं, खोटं कशाला बोलू. आत्याची पद्धत अशी की टाकायच्या आधी ओट्यापाशी उभी राहून मोठ्याने वाचायची, आणि बाहेरून काका म्हणायचे, "हं, टाक." मी पण उभा राहिलो. वाचलं. तिच्याच आवाजात वाचलं गेलं... बाहेरून काही आलं नाही. वळून बघितलं तर काका दारात.

"एकदम तीच आहे," ते म्हणाले.

"टाकू?"

ते ओट्यापाशी आले. "तिने फाटलेलं, करपलेलं, खारट, सगळं दाखवलं. चव गेली तेही सांगितलं. आता ती गेली तेवढंच आपण झाकायचं?"

पुसलं मी ते. नवीन लिहिलं, माझ्या नावाने. 'आत्या गेली. मी सुज्या, तिखट न झेपणारा. घरात ताईने केलेला वरणभात आहे, मीठ बरोबर आहे.' ते माझ्या आवाजात वाचायला लागलो आणि दोनदा अडकलो. ताई भिंतीला टेकून ऐकत होती. तिने मान डोलावली.

ब्लॉग चालू आहे. काही लोक गेले, काहीजण टोमणे मारतात की आत्याची सर नाही. नाहीच आहे, मी तसंच उत्तर देतो. पण बरेच थांबलेत, आणि थांबतील, हे मी छातीठोक सांगतो. रविवारी मी घाटकोपरला जातो, काहीतरी बिघडवतो, लिहितो आणि ओट्यापाशी उभा राहून वाचतो. गेल्या रविवारी सोलकढी केली होती. वाचून थांबलो. बाहेर पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नारळ तू खवलास असं लिहिलंयस?"

"हो."

"विकतचं दूध होतं ना ते, डब्यातलं?"

"...हो."

"मग ते बदल," काका म्हणाले. "नंतर टाक."