शुक्रवारपर्यंत होणार नाही, हे सांगायचे कसे?

मी इथे सहसा केवळ वाचत असते. आज स्वतःविषयी लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

नारायण पेठेतल्या एका प्रशिक्षण संस्थेत मी नोकरी करते. प्रकल्प व्यवस्थापनावरच्या मोफत ऑनलाइन व्याख्यानांसाठी विषय निवडणे हे माझे काम. बोलतात दुसरेच, आणि मला तेच सोयीचे वाटते.

आज दुपारच्या बैठकीत श्रोत्यांच्या प्रश्नांतून निवडलेला एक विषय मी मांडला: 'काम मुदतीत होणार नाही, हे वरिष्ठांना वेळीच कसे सांगावे?'

संचालक खूश झाले. "अहो, फार छान. या शुक्रवारी तुम्हीच घ्या की."

आज बुधवार. कॅमेऱ्यासमोर मी कधीही बोललेले नाही आणि नीट तयारीला निदान आठवडा लागेल. मनात हे सगळे स्पष्ट होते. तोंडातून मात्र "हो, सर" एवढेच निघाले.

शेजारी बसलेल्या शबानाताई हळूच म्हणाल्या, "विषय चांगला आहे. वक्त्यांनीही एकदा ऐकावा."

उद्या सकाळी दहा वाजता माझ्या नावासह जाहिरात निघेल. सरांना नकार कळवण्यासाठी मी तीनदा संदेश लिहायला घेतला. तिन्ही वेळा तो आभाराचाच झाला.

आपल्यापैकी कोणी वरिष्ठांना "एवढ्या दिवसांत होणार नाही" असे खरोखर सांगितले आहे का? आपले पहिले वाक्य नेमके काय होते, ते कृपया उद्या सकाळी दहाच्या आत कळवा. व्याख्यानासाठी नको, मलाच हवे आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटे