नलूताईंच्या दाराखालच्या चिठ्ठ्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा.

झाशीत राहून मराठीत कथा लिहिणारा मी. वडील रेल्वेच्या नोकरीने इथे आले, मीही रेल्वेत ड्राफ्ट्समन झालो. माझं नाव थोडंफार माहीत असेल, तर ते एकाच कथेमुळे — एकट्या बाईच्या दाराखालून चिठ्ठ्या येत राहतात, ती कथा. अजून संग्रहांमध्ये घेतात. त्यातली भीती खरी वाटते म्हणतात. वाटणारच. ती खरीच होती — फक्त माझी नव्हती.

त्या कथेचा पहिला खर्डा संपादकांनी परत पाठवला होता. सोबत एक ओळ — भीती उसनी वाटते. ती ओळ मला झोंबली. पण झोंबली म्हणून माणूस असं करतो का?

आमच्या क्वार्टरपासून तिसऱ्या घरात नलूताई राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. कॉलनीतल्या मराठी मुलांना त्या बाराखडी शिकवायच्या. ही एक सोडली, तर माझी प्रत्येक कथा आधी त्या वाचायच्या आणि पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून द्यायच्या. माझ्यावर त्यांचा जीव होता. म्हणून तर त्यांनाच निवडलं — घाबरल्या की त्या माझ्याकडेच येणार, हे मला ठाऊक होतं.

मंगळवारी त्या देवळात जायच्या. तेव्हा मी पहिली चिठ्ठी सरकवली. डाव्या हाताने लिहिलेली, आणि हिंदीत — संशय मराठी घरांवर नको यायला. ‘हमें सब पता है.’ एवढंच. कुणाच्या आयुष्यात काहीतरी झाकलेलं नसतं?

पहिली चिठ्ठी त्यांनी मला हसत दाखवली. दुसरी दाखवताना हसल्या नाहीत. तिसरीनंतर त्यांनी दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं. मी त्यांना धीर द्यायचो, घरी यायचो आणि वहीत टिपून ठेवायचो — आवाज कसा बसला, पदराचं टोक बोटाला कसं गुंडाळत होत्या. ते गोणपाट कथेत आहे. वाचकांना तो तपशील फार आवडतो.

चौथ्या चिठ्ठीनंतर त्या मोडल्या. नवरा आजारी होता तेव्हाची गोष्ट सांगितली. एका दुपारी तो हाका मारत होता. नलूताई महिनोन्महिने जागून थकलेल्या — शेजारच्या खोलीत डोळे मिटून पडून राहिल्या, ऐकूच आलं नाही असं दाखवत. उठून गेल्या तेव्हा तो गेलेला होता. हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. मी त्यांना पाणी दिलं. पाठीवर हात ठेवला.

आणि मग — इथे तरी थांबायचं ना? पुढच्या मंगळवारी मी पाचवी चिठ्ठी टाकली. ‘उस दोपहर का भी.’

मला वाटलं होतं, आता मी पकडला जाणार. ही गोष्ट माझ्याशिवाय कुणाला माहीत होती? पण त्या बोलत असताना मागच्या अंगणात रामकली भांडी घासत होती. अकरा वर्षं त्यांच्याकडे कामाला, मराठी सगळं समजायचं तिला. मी की रामकली — नलूताईंनी मला निवडलं. रामकलीला त्याच दिवशी काढून टाकलं. चिठ्ठ्या तिनेच कुणाकडून तरी लिहवून घेतल्या म्हणाल्या. कॉलनीभर बोभाटा झाला. मग तिला कुणी काम देईना.

रामकली माझ्या दारात आली. रडत नव्हती. म्हणाली, “भैया जी, हमें तो अपना नाम लिखना नहीं आता. आपकी बात मानती हैं, आप कह दीजिए.”

मी हो म्हटलं. दोन दिवसांनी तिला सांगितलं — बहुत समझाया, नहीं मानीं. मी नलूताईंकडे गेलोही नव्हतो. तिचं ते वाक्य मात्र कथेत जसंच्या तसं घातलं, मराठी करून.

कथा छापून आली. झाशीत तो अंक आणखी कुणाकडे येणार? फक्त नलूताईंकडे. त्यांची दुपार, त्यांचा नवरा, गोणपाट — सगळं होतं त्यात. आठवड्याने त्या आल्या. अंक माझ्या हातात दिला. पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले होते, अगदी शेवटच्या पानापर्यंत. दारातच उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, “मी तिची माफी मागून आले. लिहिणारा कोण, ते सांगितलं नाही. ते तू सांग.”

महिन्याभरात बहिणीकडे नागपूरला गेल्या. तिथेच वारल्या. मी गेलो नाही.

मी रामकलीला सांगितलंही नाही. ती बिजौलीला एका कारखान्यात झाडलोट करायला लागली, असं ऐकून होतो. मागच्या हिवाळ्यात भाजीबाजारात दिसली. म्हातारी झालीय, सोबत नात होती. मी वळून जाणार होतो, तेवढ्यात तिने ओळखलं. नातीला पुढे करून म्हणाली, “पाँव छुओ बिटिया. सब मुँह फेर गए थे, हमारे लिए एक इन्हीं ने कहा था.”

मुलगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, खुश रहो.