शांतिसेनेचे दादाराव

दर रविवारी दादाराव मेश्राम डाळीचं पातेलं सांभाळत सिंहली विहाराच्या पायऱ्या चढत, आणि दर रविवारी विहाराचे ट्रस्टी सेनारत्न दारातच विचारत, "काय दादाराव, आज विमानातून नाही टाकली?"

आजूबाजूचे सिंहली हसत. दादाराव त्यांच्याहून मोठ्यानं हसत. इतक्या मोठ्यानं, की मागून त्यांची बायको रमाबाई कोपर मारत.

विनोद तसा शिळाच होता. सत्त्याऐंशी साली भारतानं श्रीलंका सरकारला न जुमानता जाफन्यावर विमानांतून डाळ-तांदूळ टाकले, आणि पाठोपाठ करार करून फौजच उतरवली. नाव काय, तर शांतिसेना. सरकार आणि तमिळ वाघ यांच्यात समेट घडवायला गेलेली ही सेना दिवाळीच्या आतच वाघांशी लढायला लागली. इकडे दक्षिणेतल्या सिंहलींना वाटलं, शेजारचा दांडगा भांडण सोडवायच्या निमित्तानं घरात घुसला, आता निघायचं नाव घेत नाही. माणसं विसरायला तयार नव्हती. अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावापासून अर्ध्या तासावरच्या या जुन्या दुमजली घरात, जिथं दिवाणखान्यात बुद्ध आणि बेसमेंटमध्ये जेवण होतं, तिथंही नाही.

सेनारत्नांना एवढंच माहीत नव्हतं, की डाळवाले दादाराव त्याच फौजेतून जाफन्यात उतरले होते. महार रेजिमेंटचे हवालदार. पेन्शनीत निघाले, नर्स बायकोच्या मागं न्यू जर्सीत आले, आणि आता गोदामात फोर्कलिफ्ट चालवत होते.

हे न सांगण्याला कारण होतं. मराठी बौद्ध घरांतल्या पोरांचा रविवारचा वंदनेचा वर्ग आज याच्या तर उद्या त्याच्या अपार्टमेंटमध्ये भरे. खालचे शेजारी तक्रार करत, मॅनेजर दम देई, आणि वर्ग बंद पडायच्या बेतात आला होता. विहाराच्या बेसमेंटला लागून एक रिकामी खोली होती. दादारावांचा जीव त्या खोलीत अडकला होता. विहाराचे म्हातारे भन्ते अनुकूल होते. म्हणाले होते, "अशोकाचा मुलगा तुमच्याकडून आमच्या बेटावर धम्म घेऊन आला. तुम्ही तो हरवलात, आम्ही सांभाळला. आता परत न्यायला आलात, तर नाही कसं म्हणू?" पण ट्रस्टींचा होकार हवा होता, आणि तो विहारातच होणाऱ्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमानंतर ठरणार होता.

आता मराठी माणसाचा कार्यक्रम म्हटला की परिचय आला, शाल आली. या वेळी शाल दादारावांना होती. सूत्रसंचालनाला प्रितम होता. पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, माइक हातात आला की त्याला तहानभूक लागत नसे.

"प्रितम, माझं नाव घे अन् खाली बस," दादारावांनी बजावलं होतं. "जास्तीचं काही नको बापा."

"काका, टेन्शन नका घेऊ. मी आहे ना."

हेच तर टेन्शन होतं. मागच्या भीमजयंतीला रंगात येऊन दादारावांनी या पोराला जाफन्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

कार्यक्रम सुरळीत चालला. सिंहली पुढे बसले होते म्हणून प्रितम इंग्रजीत बोलत होता. दादारावांचं नाव आलं. गाव आलं. गोदामही आलं. दादारावांनी श्वास सोडला, आणि तेवढ्यात प्रितमला वाटलं, एवढ्यावर शाल शोभणार नाही.

"आणि मित्रहो, अभिमानाची गोष्ट! काकांनी श्रीलंकेत, इंडियन पीस कीपिंग फोर्समध्ये..."

मराठी रांगांत टाळ्या पडल्या. दोन-चारच, आणि त्याही मध्येच विझल्या. शाल धरलेला प्रितम इकडेतिकडे बघत राहिला. रमाबाईंनी डोळे मिटले.

सेनारत्न उठले. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

"कुठं होतात?"

"जाफना," दादाराव फौजी इंग्रजीत म्हणाले. आपोआप पाय जुळले होते.

"माझा धाकटा भाऊ दक्षिणेत, मातऱ्याला कॉलेजात होता. 'इंडियन आर्मी, गो होम' म्हणून भिंती रंगवायचा. एकोणनव्वदला उचलून नेला. आमच्याच सरकारच्या लोकांनी. तुमच्या नव्हे." ते थांबले. "पण तुम्ही आला नसतात, तर त्यानं भिंत कशाला रंगवली असती? वर्षभर मी तुमची डाळ खाल्ली, दादाराव. तुम्ही हसत होतात."

"हसत होतो साहेब. खोलीसाठी."

"गोळी चालवलीत?"

बोलायला सोपं उत्तर होतं. स्वयंपाकी होतो, म्हणता आलं असतं; डाळीमुळं पटलंही असतं. दादारावांनी बुद्धाकडं पाहिलं आणि मग सेनारत्नांकडं.

"चालवली. अंधारात. कुणाला लागली ते कळलं नाही. नाही लागली, असं मी म्हणणार नाही."

भन्तेंनी हातातला पंखा मांडीवर ठेवला आणि सिंहलीत हळूच काही म्हणाले.

"खोली मुलांना देतो," सेनारत्न म्हणाले. "मुलांनी काही केलेलं नाही. पण तुम्ही आत येऊ नका. मला जमेल तेव्हा मी सांगेन."

"मंजूर," दादाराव म्हणाले. शाल प्रितमच्याच हातात राहिली.

पुढच्या रविवारी दादारावांनी व्हॅन भरून पोरं आणली, दारात उतरवली आणि स्वतः पार्किंगमध्ये काच खाली करून बसले. रमाबाईंचा संताप मावेना.

"अहो, आपल्या बापजाद्यांना देवळाबाहेर ठेवलं म्हणून आपण धर्म बदलला! अन् तुम्ही इथं विहाराबाहेर बसता? काहून? उठा, घरी चला!"

"त्यांना जातीपायी बाहेर ठेवलं होतं. मी जे केलं त्यापायी बसलोय. हे एकच आहे का, सांग बरं."

रमाबाई पलीकडून गाडीत शिरल्या आणि शेजारी बसल्या. बेसमेंटच्या झरोक्यातून पोरांचं 'बुद्धं सरणं' अमेरिकन उच्चारांत ऐकू येत होतं. दादारावांनी ओठांतल्या ओठांत सूर धरला.