रतनबाईंची लुगडी

घोडेगावजवळ हायवेला रतनबाईंची चहाची टपरी होती. रस्ता अरुंद, मध्ये दुभाजक नाही. ट्रक समोरासमोर भिडायचे. रतनबाई पहार घेऊन धावायच्या, चेपलेला पत्रा उचकटून माणसं बाहेर ओढायच्या आणि मेलेल्यावर आपलं लुगडं पांघरायच्या. पहिलं, लग्नातलं, नवऱ्याच्याच अंगावर गेलं.

परवा चौपदरीकरणाचा जेसीबी टपरी पाडायला आला. तिला वाचवायला दीर मच्छिंद्र दगड उगारून आडवा झाला. रतनबाईंनी त्याच्या मनगटावर पहार हाणली. दगड पडला, हाड मोडलं. मग तीच पहार त्यांनी टपरीच्या खांबावर घातली. पत्रे कोसळले.

"वैनी, येड लागलं का?" मच्छिंद्र किंचाळला.

"मुडद्या, पेटी बघ जाऊन! सगळी लुगडी मढ्यांवर गेली. आता अंगावरचं तेवढं ऱ्हायलंय!"