सासूबाईंची जीभ आणि माझा उजवा डोळा

मेडशीच्या शेतात सोयाबीनची मळणी चालली होती. मी यंत्रापाशी उभी, अन् कुटाराचा, उडत्या भुशाचा बारीक कण उजव्या डोळ्यात गेला. पाण्यानं धुवावा म्हटलं, तर कसलं काय! सासूबाई धावत आल्या. गावात कोणाच्याही डोळ्यात काही गेलं की ते जिभेच्या टोकानं काढायचं काम त्यांचं, आणि त्याचा त्यांना भारी तोरा. "हालू नको व," म्हणाल्या, पापणी वर केली आणि कण काढलाही. मी खूश.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळा लालबुंद. उजेड सोसेना, ठणका असा की भाकरी थापताना रडू यायचं. मग बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. शेजारीण म्हणाली, "फूल पडलं व, डोया गेला समज." असा संताप आला मला! डोळा माझा, आणि ही त्याला पोचवायला निघाली!

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी जखम हलकेच खरवडून काचेवर घेतली, तपासायला पाठवली. तपासणी आल्यावर म्हणाल्या, कणानं बुबुळावर ओरखडा पडला आणि त्यात जंतू शिरले. हे जंतू तोंडात असतात. तिथं काही करत नाहीत, पण बुबुळाच्या जखमेत गेले की ती कुरतडत नेतात. नजर वाचेल का, ते आत्ता सांगता येणार नाही. सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि पदर तोंडावर दाबून धरला.

औषधाचे थेंब तासातासाला घालायचे होते, रात्रीसुद्धा. त्या माझ्या उशाशीच बसल्या. साबणानं हात धुवायच्या, थेंब घालायच्या, पदरानं स्वतःचे डोळे पुसायच्या. मी सासूबाईंवर चिडायचे, "आत्याबाई, झोपा ना आता!" तर "तू गप राह्य," एवढंच.

हळूहळू लाली उतरली, ठिपका आक्रसला. एका सकाळी त्यांनी माझा चांगला डोळा तळहातानं झाकला. "सांग, मी कशी दिसून राह्यली?"

"गालाले बेसन लागलं तुमच्या. अन् रडून राह्यल्या तुमी."

"दिसलं व माय, दिसलं!" त्या अशा ओरडल्या की अख्खी गल्ली गोळा झाली. त्यातच ती शेजारीण, डोळ्यावर पदर धरून. "मावशी, काही गेलं वाटते. काढता का?"

"जीभ नाई लावत मी आता! नळाखाली धर तो डोया. नाई निघालं तं दवाखान्यात जाय." आणि माझी हनुवटी धरून त्यांनी मला तिच्यासमोर केलं. "हा पाह्य, माह्या सुनेचा डोया!"

मीही त्याच डोळ्यानं तिच्याकडे चांगलं रोखून पाहिलं.