रुमालाखालची मूठ

हा प्रसंग मी घरात सांगायला लागलो की मुलं पाणी प्यायला म्हणून उठतात आणि परत येत नाहीत. तरी सांगतोच.

चाकणच्या कांदा बाजारात तेव्हा भाव तोंडानं होत नसे. अडत्याचा, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाचा, माणूस आणि व्यापारी रुमालाखाली हात घालत आणि बोटांनी बोलत. एक बोट म्हणजे एक रुपया, अख्खा पंजा आवळला की पाच. आमच्या अडत्या शेठचा तो हात म्हणजे मी. माझ्यात कौतुकासारखं दुसरं काही नव्हतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी शेठनं मला खालचा भाव सांगितला, म्हणजे ज्याच्या खाली माल सोडायचा नाही तो. आणि दुपारी म्हणाला, "उद्यापासून माझा भाचा बसंल. तू मोकळा." मोकळा! जसं काही इतके दिवस मला दावणीला बांधलं होतं. नोकरी गेली, भाव मात्र डोक्यातच राहिला.

संध्याकाळी चहाच्या हॉटेलात एक बडा व्यापारी शेजारी येऊन टेकला.

"वाईट झालं राव. उद्यापासून माझ्याकडं या."

घरी तान्ही पोर, डब्यात पीठ तळाला गेलेलं. मी लगेच मान डोलावली. तसा त्यानं खांद्यावरचा रुमाल बाकावर पसरला आणि त्याखाली माझा हात धरला.

"शेठ कुठवर उतरंल, तेवढं दाखवा. बोलू नका. बोललाच न्हाई, तर सांगितलं कुठं?"

डोळ्यांपुढं भाचा आला, माझ्या जागेवर ऐटीत बसलेला. बोटं चुळबुळायला लागली. काही सुचेना तेव्हा मी मूठ घट्ट आवळली. माझ्या मते तो नकार होता.

व्यापाऱ्याचे डोळे लकाकले. "पाच?"

आवळलेला पंजा म्हणजे पाच! इतकी वर्षं त्याच धंद्यात, आणि नकार देता येईना. खरा भाव बराच कमी होता. गप्प राहिलो असतो तर हा उद्या चढा भाव देऊन बसला असता, शेठचं भलं झालं असतं आणि याच्याकडची माझी नोकरीही पक्की. त्यानं मागवलेला चहा मी एका दमात संपवला.

मग हात ओढून घेतला आणि ओरडलोच, "ती मूठ हाय, भाव न्हाई! मी काय बी सांगणार न्हाई!"

व्यापाऱ्यानं रुमाल झटकून खांद्यावर टाकला.

"कसला भाव, भाऊ? मी आपला चहा पाजत होतो."

सगळे खदाखदा हसले. तो गेला, चहा मात्र माझ्याच नावावर राहिला.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती पिठाचा डबा उपडा करून परातीत झटकू लागली. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"पिंपरीला कारखान्याचं बांधकाम चाललंय म्हनं," ती म्हणाली, "तितं माणसं घेत्यात. लई लांब हाय. भाकरी किती बांधू?"